आधी दंड, मग मनगट

फार पूर्वीची गोष्ट आहे. ओढ्याच्या अलीकडे एक गाव होतं, आणि त्या गावात बाईमाणसाचं असं एक मनगट नव्हतं, ज्याला पुतळाबाई कासारणीचा हात लागला नव्हता. नवरीचा चुडा तीच भरायची. गर्भारणीच्या हिरव्या बांगड्या तीच भरायची. संक्रांत आली, नागपंचमी आली की तिच्या ओसरीवर बायकांची अशी दाटी व्हायची की तिला कोपर हलवायला जागा उरत नसे.

पुतळाबाईची बोटं लोण्याची आहेत असं बायका म्हणत. समोरच्या बाईचा अंगठा ती तळव्यात दुमडायची, बोटं जुळवायची आणि सासरचं, माहेरचं काहीबाही विचारत बसायची. "हात सैल सोड गं, चोरून नेत नाही मी तो," म्हणून दटावायची. बाई हसेपर्यंत बांगडी हाडावरून सरकून मनगटात बसलेली असायची. मग बाई तिच्या पाया पडायची आणि पुतळाबाई तिच्या डोक्यावर हात ठेवायची. आता हे काम दोन्ही हात धड असले तरच जमतं बरं का. एका हातानं दाबायचं आणि दुसऱ्यानं चढवायचं. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

घरात तिला एकच माणूस होतं, ठकू. मुलीची मुलगी. आई बाळंतपणातच गेली, बाप दुसरा संसार मांडून लांब निघून गेला, तेव्हा पुतळाबाईनं त्या एवढ्याशा गाठोड्याला पदराखाली घेतलं. आता ठकूचे दुधाचे दात पडायला लागले होते आणि दिवसभर ती काचेचे तुकडे वेचत आजीच्या मागेमागे असायची. "ही नसती तर सकाळी मी कशाला उठले असते?" असं पुतळाबाई चारचौघींत बोलून दाखवायची.

त्या गावची एक रीत होती, ती इथंच सांगून टाकतो. तेव्हा देवीचा रोग फार. ताप फणफणायचा, अंगभर फोड यायचे. कितीतरी पोरं दगावायची आणि जी जगायची ती खड्ड्याखड्ड्यांचे चेहरे घेऊन जन्मभर फिरायची. एखाद्या घरी पोराला देवी आल्या की पहिला निरोप कासारणीला जायचा. तिनं जाऊन पोराच्या आईच्या हातात हिरवा चुडा भरायचा. पोर उठून बसलं, खपल्या गळल्या, की आईनं तो चुडा अलगद उतरवून कासारणीला परत द्यायचा. देवीला हसत वाटेला लावून आलेला चुडा तो, त्याला गुण आहे, असं लहानथोर सगळे मानायचे. पुढच्या घरी देवी आल्या की तोच चुडा त्या आईच्या हातात जायचा. पोर गेलं, तर मात्र आई ओढ्यावर जाऊन त्या बांगड्या दगडावर आपटून वाढवायची आणि पुतळाबाई नव्या चुड्यानं पुन्हा सुरुवात करायची.

दोन घरांच्या मधल्या काळात हा चुडा कासारणीच्याच घरी असायचा, बांगड्यांच्या माळेच्या शेवटी लटकवलेला.

त्या वर्षी कुंभारवाड्यात देवी आल्या. कुंभाराचं पोर नशिबानं वाचलं. त्याच्या आईनं चुडा उतरवून पुतळाबाईच्या ओच्यात घातला आणि पुतळाबाईनं तो घरी आणून माळेला अडकवला. त्याच सुमाराला गावात एक वैदीण आली. राजानं गावोगाव पाठवलेली. पांढरं लुगडं, काखोटीला एक लाकडी पेटी. ती देवळाच्या ओवरीत बसली आणि लोकांना म्हणाली, "फोड आल्यावर माझा काही उपयोग नाही. मी आधी येत असते."

लोक जमले. वैदिणीनं सांगितलं, "गाईच्या सडांवर कधीकधी साधे फोड येतात. त्यातली लस मी दंडावर सुईनं टोचते. तिथं एक फोड येतो, दंड ठणकतो, अंग तापतं. मग खपली धरते, ती गळते, आणि एक वण राहतो. असा वण असलेल्या माणसाला मोठ्या देवी सहसा गाठत नाहीत."

"म्हणजे चांगल्या अंगाला हातानं दुखणं लावून घ्यायचं?" एक म्हातारा म्हणाला.

"थोडं दुखणं घ्यायचं आणि मोठं टाळायचं," वैदीण म्हणाली.

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. पुढे कुणी होईना. शेवटी एक बाई म्हणाली, "कासारमावशी टोचून घेईल तर आम्ही घेऊ. सगळ्या गावाचे हात तिच्या हातात असतात. तिचा हात धड राहिला तर आमचाही राहील." झालं. सगळ्यांनी मान डोलावली आणि अख्ख्या गावाचा निर्णय एका बाईच्या दंडावर येऊन बसला.

पुतळाबाईला हे कळलं तेव्हा ती चिडलीच. तरी वैदिणीकडे गेली. "बाई, तुमचं खरं असेल," ती म्हणाली, "पण लग्नसराई तोंडावर आलीय. माझा दंड सुजला तर नवरीमुलींचे चुडे कोण भरणार? हात हेच माझं पोट आहे. लग्नं उरकू देत, मग बघू."

"तोवर देवी थांबतील?"

"आजवर आमच्या चुड्यानं राखलंय गावाला."

वैदिणीनं चुड्याची सगळी रीत विचारून घेतली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "पुतळाबाई," ती म्हणाली, "पोराचे फोड पुसले, खपल्या झाडल्या, त्या हातातून तो चुडा निघतो. आणि पुढच्या घरी जातो. रोगी माणसाच्या चिंध्यांना, अंथरुणाला, वस्तूला रोग चिकटून राहतो हो."

"आमच्या चुड्याला बोल लावू नका," पुतळाबाई म्हणाली आणि तरातरा घरी निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली की ती पेटीवाली बाई शिष्ट आहे आणि तिला रीतभात माहीत नाही.

घरात शिरली तर ठकू कोपऱ्यात मांडी घालून बसलेली. मांडीवर चिंध्यांची बाहुली. बाहुलीच्या तोंडावर हळदीचे ठिपके काढलेले. आणि ठकूच्या इवल्या हातांत, मनगटापासून कोपरापर्यंत, हिरवा चुडा सैल खुळखुळत होता.

"आजी, माझ्या बाळाला देवी आल्यात," ठकू म्हणाली. "मी आई आहे ना, म्हणून मी चुडा घातलाय."

पुतळाबाई खाली बसली. तिनं ठकूचा हात हातात घेतला आणि बांगड्या उतरवायला लागली. दोन बांगड्यांच्या मध्ये काहीतरी सुकलेलं चिकटलं होतं. नखाएवढंसुद्धा नव्हतं. आयुष्यभर काच हाताळलेल्या बाईला काचेवरचा डाग काय, मळ काय आणि खपली काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. हे कुंभाराच्या घरून आपण आणलं, आपल्या हातानं आणलं, आणि पोरीच्या हाताशी टांगून ठेवलं, हे तिला लख्ख कळलं. याआधी कुठल्या कुठल्या घरी आपण असंच काही पोचवलं असेल, हा विचार मनात आला तेव्हा तिला रडूच कोसळलं.

पण ती रडत बसली नाही. पोरीचे हात तिनं राखेनं खसाखसा धुतले, तिला उचललं आणि तशीच पुन्हा देवळाकडे निघाली. मघाशी ज्यांच्याशी वैदिणीबद्दल बोलली होती तीच माणसं वाटेत उभी होती. तिनं कुणाकडे बघितलं नाही.

"पोर चुडा घालून खेळली," ती वैदिणीला म्हणाली. "आता काय?"

"कधी?"

"आजच. याआधी माळेला हात लावला नव्हता म्हणते."

"मग वेळ गेलेली नाही," वैदीण म्हणाली. "रोग अंगात मुरायच्या आत टोचलं तर बहुतेक पोरं तरून जातात. सगळी तरतात असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही. पण न टोचता वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं."

"टोचा तिला. पण आधी मला टोचा, म्हणजे ती भिणार नाही." पुतळाबाईनं बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला.

"लग्नसराई आहे म्हणत होतात ना?"

"चुडा भरायला नवरी जिवंत हवी, बाई. टोचा."

सुई टोचली तेव्हा तिनं तोंड वेडंवाकडं केलं नाही, कारण ठकू तिच्याकडेच बघत होती. मग ठकूची पाळी आली. ठकू मात्र ओरडली चांगलीच, अगदी देवळातला पुजारी बाहेर येऊन बघून गेला. वैदिणीनं बजावलं, "दोघींची खपली धरेपर्यंत कुठल्याही आजाऱ्याच्या घरी जायचं नाही. आणि ओसरीवर बायका घ्यायच्या नाहीत." घरी येऊन पुतळाबाईनं परसात खड्डा खणला, चुडा त्यात टाकला, वर निखारे ओतले आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटलीणबाई तिच्या दारात उभ्या. पाटलीणबाईंचं माहेर ओढ्यापलीकडच्या वाडीत. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडावर वण होते, पण चालणं असं की रस्ता आपोआप मोकळा व्हावा. हाताशी त्यांचा मुलगा मल्हारी होता, ठकूच्याच वयाचा.

"पुतळाबाई, चुडा घ्या आणि चला," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्या पोराला देवी आल्यात. वहिनी वाट बघतेय."

"चुडा नाही, पाटलीणबाई. मी तो पुरला."

पाटलीणबाईंना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "तुमच्या सासूनं, आजेसासूनं सांभाळलेली रीत. आणि तुम्ही ती पुरली? बरं, नवा चुडा भरा. पण चला."

"मी येणार नाही. खपली धरेपर्यंत मला आजाऱ्याकडे जायचं नाही." पुतळाबाईनं दंड दाखवला. "तुम्हीही जाऊ नका. जायचंच असेल तर तुम्ही एकट्या जा, मल्हारीला ठेवा. त्याला टोचून घ्या."

"टोचून? ज्याला साधा ओरखडा उठू दिला नाही मी, त्याच्यावर सुई चालवू? मला आल्या होत्या देवी. मेले का मी? उभी आहे की तुमच्यासमोर."

"तुम्ही आहात," पुतळाबाई हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या दोघी बहिणी नाहीत. तुमच्या आईनं ओढ्यावर बांगड्या वाढवल्या, दोन्ही वेळेला, तेव्हा त्यांचा हात मी धरला होता. चुडाही मीच भरला होता."

पाटलीणबाईंनी मल्हारीचं मनगट धरलं आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागल्या. पुतळाबाई दारातून ओरडत राहिली, "पोराला तरी ठेवा हो!" पण ऐकतंय कोण.

मग गावात कुजबुज सुरू झाली. चुडा पुरला, देवीला नाही म्हणाली, आता हिचं काही खरं नाही. आणि नेमका पुतळाबाईचा दंड सुजला. असा ठणकायला लागला की घागर उचलवेना. अंगात ताप भरला. ठकूचं अंगही तापलं आणि पोर काही खाईना. हा टोचल्याचा ताप की चुड्याचा? वैदिणीलाही ते सांगता येईना. "अंगभर फोड येतात का ते बघत राहा," एवढंच ती म्हणाली.

पुतळाबाई बघत राहिली. उजेड असेपर्यंत ती पोरीला ओसरीवर घेऊन बसायची आणि तिची पाठ, पोट, तळवे निरखायची. मुंगी चावल्याचा ठिपका दिसला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. एका नवरीची आई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मावशी, लग्न जवळ आलं. तुमच्याच्यानं होत नसेल तर दुसरा कासार बघू का?"

"बघ," पुतळाबाई म्हणाली. "पण तो कुठून कुठून फिरून आलाय ते विचारून घे. आणि माझं ऐकशील तर लग्न पुढे ढकल आणि पोरीला टोचून घे."

"तुमचा हात असा सुजलाय, आणि तुम्ही आम्हाला सांगताय?"

"दुखतंय म्हणून खोटं सांगू का? दुखतंय. तरी सांगतेय."

ती बाई निघून गेली, पण दुसरा कासार काही तिनं बोलावला नाही.

ठकूचा ताप उतरला. अंगावर दुसरा फोड आला नाही. दंडावरचा तेवढा एक पिकला, वाळला, त्यावर काळपट खपली धरली. ज्या सकाळी ठकूनं भाकरीवर गूळ मागितला, त्या सकाळी पुतळाबाई चुलीपुढे बसून ढसाढसा रडली आणि मग तिनं पोरीला गूळ जरा जास्तच दिला. तिची स्वतःची खपलीही धरली आणि गळली, सूजही ओसरली. वैदिणीनं बघून मान हलवल्यावर तिनं ओसरी झाडली, माळ घेऊन बसली आणि त्याच नवरीच्या आईला हाक मारली. एका हातानं दाबून, दुसऱ्यानं चढवून, बोलता बोलता तिच्या हातात बांगड्या भरल्या. काच तडकली नाही. जमलेल्या बायकांनी पुतळाबाईचा दंड आळीपाळीनं बोट लावून बघितला. मग त्या घरी गेल्या आणि पोराबाळांना घेऊन देवळाकडे निघाल्या. वैदिणीला पाणी प्यायला फुरसत मिळेना.

पाटलीणबाई माहेराहून परतल्या त्या त्यांचा भाचा ओढ्याकाठी पुरून. काही दिवस गेले आणि मल्हारी तापानं फणफणला. मग फोड आले. तोंडावर, हातांवर, पापण्यांवरसुद्धा. पाटलांच्या वाड्याला शेजाऱ्यांनी पाठ फिरवली, गडीमाणसं पळाली. पाटलीणबाईंना जुनीच गोष्ट आठवली. त्यांनी गवळ्याच्या तोंडी निरोप धाडला, "कासारमावशीला म्हणावं, चुडा."

निरोप ऐकून पुतळाबाई उठली. ठकूला शेजारणीकडे ठेवलं आणि वाड्यावर गेली. दार उघडायला कुणी नव्हतं, तिनंच ढकललं. पाटलीणबाई पोराच्या उशाशी बसल्या होत्या. किती वेळ झोपल्या नव्हत्या कोण जाणे.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "भरा," त्या म्हणाल्या.

"चुडा नाही आणला. मी आलेय."

"चुड्याशिवाय तुम्ही काय करणार?"

"तुम्ही झोपाल, मी बसेन. मी उठेन, तुम्ही बसाल. मला आता हा रोग धरायचा नाही." पुतळाबाईनं बाही सरकवून वण दाखवला, पदर खोचला आणि पोराच्या ओठांना पाण्याचा बोळा लावायला घेतला.

बाकीच्यांचे टोचलेले दंड अजून पिकतच होते. अख्ख्या गावात त्या घरात बिनघोर शिरू शकणारी माणसं थोडीच होती आणि त्यातली एक ही होती. मल्हारी बरा होईपर्यंत ती तिथून हलली नाही. फोड खाजवू नयेत म्हणून त्याचे हात तिनं धरून ठेवले. तिला हात धरायची सवय होतीच. त्याला पेज पाजली, त्याच्या चिंध्या जाळल्या, आणि खपल्या गळून संपल्यावर ओढ्यावर अंघोळ करून, अंगावरचं लुगडं उकळून मगच ठकूला भेटली.

मल्हारी वाचला. पण चेहरा आईसारखा झाला आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्यानं त्याला पुन्हा कधी दिसलं नाही. पाटलीणबाईंची एक तान्ही मुलगी होती. मल्हारी तापला त्याच दिवशी आजीकडे दुसऱ्या घरी पाठवलेली, म्हणून बचावलेली. तिला छातीशी घेऊन त्या देवळाच्या ओवरीत आल्या. वैदीण सुई तापवत होती. पाटलीणबाईंनी मुलीचा इवला दंड स्वतःच्या हातानं मोकळा केला आणि म्हणाल्या, "ही रडेल, मीही रडेन. तुम्ही थांबू नका."

त्या दिवसापासून पुतळाबाईनं गावात नवी रीत घातली. नवरी चुडा भरायला बसली की ती आधी तिची बाही वर करायची. वण दिसला तर बांगड्या. नाही दिसला तर, "जा आधी देवळात, मग ये." कुणी रुसलं, कुणी ओरडलं, पाहुण्यांसमोर शोभा करते, असंही कुणी म्हणालं. ती ढिम्म हलली नाही. हळूहळू मुलीच बसल्या बसल्या आपण होऊन दंड पुढे करायला लागल्या.

पुष्कळ वर्षांनी ठकूचं लग्न ठरलं. तोवर पुतळाबाईच्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण नातीचा चुडा भरणार ती मीच, असा तिचा हट्ट. ठकू तिच्यासमोर बसली आणि सवयीनं तिनं मनगट पुढे केलं.

"रीत विसरलीस?" आजी म्हणाली.

"अगं आजी, तुझ्यासमोरच तर टोचलं मला. तुझ्या मांडीवर."

"ते मला ठाऊक आहे. तरी दे."

ठकूनं बाही वर केली. पुतळाबाईचं बोट चाचपडत दंडावरून फिरलं आणि वणाच्या खळग्यात जाऊन थांबलं. तिनं ते तिथं बराच वेळ ठेवलं. मग नातीचा अंगठा तळव्यात दुमडला आणि म्हणाली, "आता सैल सोड हात."

गोष्टीचं तात्पर्य विचाराल, तर ते असं: टोचायची भीती वाटते, दुखतंही, म्हणून ते पुढे ढकलू नये, कारण आपण ज्यांचे हात धरतो त्यांना आपल्याकडून रोग जाऊ नये, आणि ते आजारी पडले तर त्यांच्या उशाशी बसता यावं, यासाठी आधी आपला दंड पुढे करावा लागतो.